कार्ड उलटा, मागचं वाचा

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या पोरापोरींनी एक नवं काम काढलंय. घरातल्या ट्रंकेतून, देवघरातल्या कपाटातून, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून आजी-आजोबांची चित्रांची कार्डं शोधायची, फोटो काढायचा, एखादं जुनं गाणं लावायचं आणि स्टोरीला टाकायचं. कमळातली लक्ष्मी, हलव्याची वाटी घेतलेली नऊवारीतली बाई, पतंग, कंदील. खाली लिहायचं "विंटेज", नाहीतर "ओल्ड इज गोल्ड". मग हार्ट येतात, "किती क्यूट" येतं, आणि चोवीस तासांत कार्ड परत ट्रंकेत.

मी अशी बरीच कार्डं पाहिली. पांढुर्ण्याची, सौंसरची, मोहगावची, लोधीखेड्याची. एकाही पोस्टमध्ये कार्डाची मागची बाजू नव्हती.

एकाला विचारलं, बाबू, मागची बाजू काऊन नाही टाकली? तो म्हणाला, मागे काही नाही दादा, नुसतं लिहिलेलं आहे.

नुसतं लिहिलेलं! अरे, ते कार्ड सत्तर वर्षं ज्याने सांभाळलं त्याने चित्रासाठी नाही सांभाळलं. चित्र बाजारात ढिगाने मिळत होतं. लक्ष्मी घराघरात सारखीच होती. सांभाळलं ते मागच्या आठ ओळींसाठी, कारण त्या आठ ओळी जगात त्या एकाच कार्डावर होत्या. आज तुम्ही जे ढिगाने छापलं गेलं ते दाखवता आणि जे एकदाच लिहिलं गेलं ते झाकता. मला याचा राग येतो, आणि तो राग फक्त कार्डापुरता नाही.

चित्रांच्या कार्डाची हकीकत थोडी सांगतो. टपालाचं कार्ड जगात पहिल्यांदा १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. आपल्याकडे आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. लिफाफा ज्याला परवडत नव्हता त्याच्याही हाती पत्र आलं. मग चित्रांची कार्डं आली. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देव्या भिंतीवरून कार्डावर उतरल्या. जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतली माणसं, बायका, त्यांचे नखरे कार्डांसाठी रंगवले. सुरुवातीच्या त्या कार्डांची एक अडचण होती. एक बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली. निरोप लिहायचा तर चित्राच्या कडेला, कोऱ्या पट्टीत, कधी थेट चित्रावरच. १९०२ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने पत्त्याची बाजू मधोमध विभागायला परवानगी दिली. एका अर्ध्यात पत्ता, दुसऱ्या अर्ध्यात मजकूर. पुढे ती रीत सगळीकडे पसरली. म्हणजे लिहिणाऱ्या माणसाला चित्राच्या कडेवरून उठून स्वतःची अर्धी बाजू मिळाली. ती अर्धी बाजू आपण इन्स्टाग्रामला पुन्हा सोडून दिली.

आता खरं कारण सांगू का, मागची बाजू टाकत नाहीत त्याचं? वाचता येत नाही. लाज वाटायचं कारण नाही, पण मान्य तर करा. घरात मराठी बोलतो, आजीशी भांडतो मराठीत, शिव्या मराठीत देतो, आणि शाळा पहिलीपासून हिंदीत. अक्षरं ओळखीची आहेत कारण लिपी एकच. पण "सा. न. वि. वि." पाहिलं की गाडी थांबते. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढंच आहे ते. "ती." म्हणजे तीर्थरूप, वडीलधाऱ्यांसाठी. "चि." म्हणजे चिरंजीव, लहानांसाठी. शेवटी "थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, लोभ असावा". पंधरा मिनिटांत शिकता येतं. ते शिकवायला घरात कोणाला वेळ नव्हता आणि शाळेच्या पुस्तकात ते नव्हतंच.

लिपी एकच असल्याचा तोटा आपल्या लक्षातच येत नाही. बेळगावच्या पोराला कन्नड पाटी दिसली की अक्षरच वेगळं दिसतं, त्याला लगेच कळतं की आपली भाषा काढून दुसरी लावली. आपल्याकडे "पोळा" चं "पोला" होतं आणि कोणाला काही वाटत नाही. एक ळ गेला, त्यात काय! हिंदीत ळ नाही, मग पाटीवर कुठून येणार? तिळगूळ, जवळ, शाळा, माळी, आभाळ, वेळ. जुनं कार्ड घ्या आणि त्यात ळ किती आहेत ते मोजा. मग आपल्या गावातल्या सरकारी पाट्यांवर मोजा.

आमच्या घरी संक्रांतीची दोन कार्डं आहेत. नागपूरच्या आत्याने, म्हणजे माझ्या आजोबांच्या बहिणीने, सौंसरला भावाला पाठवलेली. एक १९५६ च्या संक्रांतीचं, दुसरं १९५७ च्या. एकाच छापाची असावीत, कारण चित्र तेच आहे. काठापदराच्या साडीतली बाई, हातात तबक, खाली "तिळगूळ घ्या, गोड बोला". चित्राबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मागे मात्र सगळं घर आहे. दादांस नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, हलव्याची पुडी कोणाच्या हाती पाठवली त्याचं नाव. मग मृगाच्या बहाराची चौकशी: संत्रा यंदा कसा आहे, व्यापारी आला का, बागेचा सौदा घाईने करू नका. सासूबाईंचा ताप. उसने घेतलेल्या पैशांचा हिशेब, तो मी इथे देत नाही. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. लिहिताना पुस्तकी मराठी धरून चालते, एका जागी घसरते आणि "मले" लिहून जाते. मग "ले" वर काट मारून "ला" केलंय. ती काट मला त्या अख्ख्या कार्डावर सगळ्यात जास्त आवडते. आपली बोली आणि लिहायची मराठी, दोन्ही तिच्याजवळ होत्या आणि कुठे कोणती वापरायची हे ती स्वतः ठरवत होती. आपण मात्र बोलतो आणि लिहायची वेळ आली की हिंदीत शिरतो.

आता पत्ता बघा. १९५६ च्या कार्डावर पाठवणारीचा पत्ता: नागपूर, म. प्र. घेणाऱ्याचा: मु. पो. सौंसर, जि. छिंदवाडा, म. प्र. दोन्हीकडे म. प्र. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? १९५० ते १९५६ नागपूर मध्यप्रदेशात होतं. नुसतं होतं असं नाही, राजधानी होतं. आणि त्या मध्यप्रदेशाच्या राजभाषा, १९५० च्या कायद्याने, दोन होत्या: हिंदी आणि मराठी.

पुन्हा वाचा. मध्यप्रदेश नावाच्या राज्याची मराठी ही राजभाषा होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ. आत्याच्या १९५७ च्या कार्डावर तिचा पत्ता झाला: नागपूर, मुंबई राज्य. १९६० नंतर लिहिलं असतं तर महाराष्ट्र. घर तेच, गल्ली तीच, विहीरही तीच. सौंसरच्या पत्त्यात मात्र एक अक्षर बदललं नाही. जि. छिंदवाडा, म. प्र. वरवर पाहता आपलं काहीच झालं नाही. आणि फसवणूक तिथेच आहे, कारण नाव तेच राहिलं आणि आतून भाषा काढून घेतली. १९५७ च्या राजभाषा कायद्यात मध्यप्रदेशची राजभाषा एकच उरली, हिंदी. ज्याचा पत्ता बदलला त्याची मराठी राहिली आणि ज्याचा पत्ता कायम राहिला त्याची गेली.

"तुम्ही महाराष्ट्रातून इकडे कधी आलात?" हा प्रश्न आपल्याला इंदूर-भोपाळात विचारतात. पुण्यात विचारतात, "एमपीचे असून मराठी कशी काय येते?" दोघांनाही त्या कार्डाचा पत्ता दाखवा. आपण कुठून आलो नाही. आजोबा सौंसरच्या त्याच ओसरीवर बसून होते आणि सरकार बदललं.

सौंसर-पांढुर्णाच मागे का राहिलं? १९५३ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा एकक धरला. त्यावेळी पांढुर्णा सौंसर तहसिलीतच होतं. सिल्लेवानीच्या घाटाखालचा हा पट्टा, संत्र्याचा, कापसाचा, पोळ्याचा, नागपूरच्या बाजाराशी बांधलेला. पण जिल्हा म्हणून मोजायचं तर घाटावरचा मोठा हिंदी-गोंडी मुलूख सोबत येतो. छिंदवाडा पुढे क्षेत्रफळाने मध्यप्रदेशातला सगळ्यात मोठा जिल्हा म्हणून गणला गेला, त्यात आपण एक कोपरा. कोपऱ्यात आपण कितीही दाट असलो तरी जिल्ह्याच्या भागाकारात पातळ झालो. (गोंडीचं तर आपल्यापेक्षाही वाईट झालं. ज्यांच्या राजांनी देवगड बांधला त्यांची भाषा कोणत्याच कचेरीत नाही. आपलं रडगाणं गाताना हे विसरू नये.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. फटाके फुटले, ढोल वाजले, बॅनरवर सगळ्या नेत्यांचे फोटो आले. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे का झाला यावर मी वेळ घालवत नाही. कशाचा झाला ते बघा. पांढुर्णा आणि सौंसर. त्याच जुन्या तहसिलीचा. ज्या भागाकारात आपण १९५६ ला हरलो त्याचा खालचा आकडाच बदललाय, आणि आपल्याकडे यावर एक रील नाही.

आकडा का महत्त्वाचा ते सांगतो. ज्या दिवशी ही रेघ पडली त्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला, घटनेची सातवी दुरुस्ती लागू झाली. तिने कलम ३५०क आणलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी राज्याने पुरेशा सोयी करायच्या. आणि ३५०ख: या सगळ्यावर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी. त्याआधी, १९४९ मध्येच, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवलं होतं की शाळेत त्या भाषेची चाळीस मुलं किंवा एका वर्गात दहा मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. दहा मुलं! पुढे असंही धोरण मान्य झालं की एखाद्या जिल्ह्यात, तहसिलीत, नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या. आणि जिल्ह्यात साठ टक्क्यांवर लोक राज्यभाषेहून वेगळी भाषा वापरत असतील तर त्या जिल्ह्यापुरती ती जोडीची राजभाषा करता येते. शिक्षकाचं आणि टक्क्यांचं हे कोर्टात जाऊन उद्या अंमलात आणता येईल असं कलम नाही, धोरण आहे. पण सरकारने स्वतः कबूल केलेलं धोरण आहे, आणि त्यातला प्रत्येक आकडा कशावर चालतो? जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यावर.

२०११ मध्ये अख्ख्या मध्यप्रदेशात मराठी १.७ टक्के निघाली. हा आकडा तोंडावर फेकला की बोलणारा गप्प बसतो. पण पांढुर्णा जिल्ह्याचा आकडा अजून जन्मलाच नाही. जिल्हा म्हणून आपली पहिली मोजणी २०२७ च्या जनगणनेत होणार आहे.

आणि आपण तिथे काय लिहिणार आहोत? मला भीती इथेच वाटते. "पढाई हिंदी में, तो हिंदी लिख दो." गेल्या वेळी किती घरांत असंच झालं असेल, देव जाणे. जनगणनेतली मातृभाषेची व्याख्या शाळेची भाषा अशी नाहीच. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती तुमची मातृभाषा. लहानपणीच आई गेली असेल तर घरात बोलली जायची ती. हिंदी येते? येतेच, त्यासाठी "इतर भाषा" चा वेगळा रकाना असतो. तिथे हिंदी लिहा, खुशाल लिहा. प्रगणकाने तुम्ही सांगाल ते लिहायचं असतं, त्याने स्वतःच्या मनाने ठरवायचं नसतं. आणि पवारी बोलणाऱ्या घरांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट: जनगणना पवारी हिंदीच्या पोटात मोजते. तुमची भाषा पवारी आहे तर पवारीच सांगा, तो तुमचा हक्क. पण छापील तक्त्यात ती कोणत्या मथळ्याखाली दिसते हे माहीत असू द्या.

मग मला विचारतात, याचा कार्डाशी काय संबंध? संबंध असा की चित्राची बाजू आणि लिहिलेली बाजू यातला फरक आपल्या सगळ्या वागण्यात आलाय. वर्षातून एकदा पांढुर्णा देशाच्या बातम्यांत येतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड, या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि मधे दगड. गोटमार. रक्ताने माखलेले फोटो दिल्लीपर्यंत जातात. हे आपलं चित्र. संत्रा हे दुसरं चित्र. नथ आणि नऊवारी हे तिसरं, आता रीलमुळे जोरात. या चित्रांवर कोणाचाच आक्षेप नसतो. कलेक्टर साहेबही फेटा बांधून फोटो काढतात. कारण चित्रातली मराठी काही मागत नाही. तिला मास्तर नको, पुस्तक नको, पाटी नको, नोटीस नको. लिहिलेली मराठी मागते, म्हणून तिचं काम पडलं की "इथे हिंदी चालते" असं सांगतात.

हिंदीशी माझं भांडण नाही. हिंदीत माझं शिक्षण झालं, तिने मला प्रेमचंद दिला, मित्र दिले. पण "मराठी लिहून नोकरी लागते का?" हा प्रश्न जो काका विचारतो त्याला मी उलट विचारतो: काका, तुमच्या पोराला नोकरी कुठे लागली? नागपूरला. एमआयडीसीत, दवाखान्यात, मोबाईलच्या दुकानात. तिथे तो रोज मराठी बोलतो आणि फॉर्म भरायची वेळ आली की दुसऱ्याला सांगतो, भाऊ जरा लिहून दे ना. घरची भाषा असून लिहायला परका. पांढुर्ण्याहून भोपाळ जवळ की नागपूर, हे रेल्वेच्या पासवाल्यांना विचारा.

थोडं महाराष्ट्राबद्दल. तिकडच्या सभांतून "सीमाभाग" म्हटलं की बेळगाव, कारवार, निपाणी. ती माणसं पिढ्यान् पिढ्या लढली, त्यांना सलाम. महाराष्ट्र-कर्नाटक वादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी सोय आहे. सौंसरच्या मुलीला नाही. ती नागपूरच्या कॉलेजात परराज्यातली. तिच्या पणआत्याचं घर त्याच कॉलेजच्या मागच्या गल्लीत असलं तरी! १९५७ च्या त्या कार्डात आत्याने नेमकं हेच विचारलंय. भाच्याला पुढच्या वर्षी नागपूरला शिकायला पाठवायचं ठरलं होतं, आता राज्य वेगळं झालं म्हणतात, तर दाखल्याचं काय, चौकशी करून कळवा. सत्तर वर्षं होत आली, तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी कळवलं नाही. आपल्यातले काही जण म्हणतात, महाराष्ट्रात सामील व्हायचं तेव्हाच सुटेल. सामील व्हायचं की नाही यावर हजार मतं असू द्या. दहा मुलांमागे मास्तर मागायला सीमा हलवावी लागत नाही. तो अर्ज आजच्या पत्त्यावरून करता येतो.

पत्त्यावरून आठवलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी, संस्कृतचे कवी आणि मराठी माणूस. सारख्या नावांची गावं आणि पत्ते लिहायच्या वेगवेगळ्या भाषा यामुळे पत्रं चुकत होती, त्यावर हा उपाय. पहिला आकडा विभागाचा. नागपूर ४४०००१, सौंसर ४८०१०६, पांढुर्णा ४८०३३४. टपालाच्या हिशेबात आपण आणि नागपूर दोघं चारच्याच घरात. आकड्यांनी भाषेचा गोंधळ मिटवला हे चांगलंच झालं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की आता पत्ता कोणत्याही भाषेत लिहिला तरी पत्र पोचतं. म्हणजे मराठीत लिहिलं तरी पोचतं! मग "मु. पो." लिहायला हात का अडतो? जिल्ह्याच्या जागी आता छिंदवाडा लिहायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. जि. पांढुर्णा.

तर काम काय करायचं ते ठरवू. या पेजवर आपण कार्डांच्या मागच्या बाजू गोळा करतोय. चित्र नको, म्हणजे पाठवलं तरी चालेल, पण मागची बाजू आधी. सरळ उजेडात, मोबाईल वरून धरून, चारही कोपरे दिसतील असा फोटो. तारखेचा शिक्का वाचता आला तर तारीख. कोणी कोणाला पाठवलं ते नात्याने लिहा, नावं नकोत: आत्याने भावाला, मामाने भाचीला, जावयाने सासऱ्याला. मजकूर तुम्हाला जेवढा लागला तेवढा टाईप करा, ळ सकट. जिथे अडलं तिथे टिंबं द्या. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापुढे कार्ड धरा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा, ते वाचतील आणि वाचता वाचता तीन गोष्टी जास्तीच्या सांगतील. फार जुनं कार्ड असेल आणि अक्षर पार वेगळं, शिरोरेघेला लटकून पळणारं दिसलं तर ती मोडी असू शकते. फेकू नका, रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. तो तिकीट कापून घेतो आणि कार्ड पुडीला जातं.

यातून सरकार हलेल असा माझा समज नाही. पण उद्या मराठी शिक्षकाचा अर्ज घेऊन गेलो आणि समोरच्याने विचारलं की इथे मराठी लिहितं कोण, तर पाचशे घरांचं अक्षर टेबलावर ठेवता येईल, तारखेसह, टपाल खात्याच्या शिक्क्यासह. सरकारचाच शिक्का आहे तो. आणि अर्जासोबत पालकांच्या सह्या लागतील, वर्गवार मुलांची नावं लागतील. दहा मुलं एका वर्गात. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मोजा, किती निघतात ते कमेंटमध्ये नाही, इनबॉक्समध्ये कळवा, म्हणजे मुलांची नावं उघड्यावर येणार नाहीत.

जनगणनेत माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्याच्या आधीची संक्रांत जानेवारीत येते. पोस्टात पन्नास पैशांचं कार्ड मिळतं, तिकीट छापलेलं, चित्र नसलेलं. प्रत्येकाने पाच घ्या. मावशीला, काकाला, लग्न होऊन मुलताईला गेलेल्या बहिणीला पाठवा. वर "ती." किंवा "चि.", मग खुशाली, मग एक ओळ: फेब्रुवारीत मोजायला येतील, मातृभाषा विचारतील तेव्हा काय सांगायचं ते आईला विचारून ठेव. "मले" लिहिलं तरी चालेल, काट मारायची गरज नाही.

आणि एक शेवटचं, हे महत्त्वाचं आहे. जुनं कार्ड पाठवण्याआधी घरच्यांना विचारा. मागच्या बाजूला लोकांची आजारपणं असतात, उसने पैसे असतात, न जमलेली लग्नं असतात. ज्या ओळी घराला नको वाटतील त्यांच्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा.